जिमी स्कॉटवरून दोन तट का पडतात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जॅझ ऐकणाऱ्या तुमच्या मंडळींत जिमी स्कॉट या अमेरिकन जॅझ गायकावरून दोन तट पडलेत. निम्म्यांना तो थोर वाटतो, त्याच्या एका ओळीनं डोळ्यांत पाणी येतं. उरलेल्यांचं म्हणणं, बाई गातेय की बुवा तेच कळत नाही, सूर कापरा आहे, बेसूर लागतो, गाणं तालातून निसटतं आणि संपता संपत नाही. तुम्ही स्वतः जॅझ गायला शिकताय. ऐकताना अस्वस्थ वाटतं पण बंदही करवत नाही, असं तुम्ही लिहिलंय. यात खरं काय, आणि शिकणाऱ्यानं त्याच्याकडून काही घ्यावं का?

मी गायकांना पियानोवर साथ करते आणि आवाज शिकवते, त्यामुळे हा वाद माझ्या खोलीत अधूनमधून होतच असतो. माझं मत आधी सांगते. स्कॉट फार मोठा गायक होता, आणि त्याचं मोठेपण आवाजापेक्षा लयीत जास्त आहे. भांडण मात्र सगळं आवाजावरून होतं. त्याच्यावर प्रेम करणारेही आवाजावरच बोलतात आणि नाकं मुरडणारेही. म्हणून पहिल्यांदा आवाजाचं प्रकरण निकालात काढू.

जेम्स व्हिक्टर स्कॉट, जन्म 17 जुलै 1925, क्लीव्हलंड, ओहायो. त्याला कॉलमन सिंड्रोम नावाचा जन्मजात विकार होता. यात मेंदूकडून निघणारा जो संदेश शरीराला वयात आणतो, तो निघतच नाही किंवा फार अपुरा निघतो. मुलगा वयात येतो तेव्हा टेस्टोस्टेरॉनमुळे स्वरयंत्र मोठं होतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आणि आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. आपण म्हणतो, मुलाचा आवाज फुटला. स्कॉटचा आवाज कधी फुटलाच नाही. त्याची उंचीही बरीच वर्षं चार फूट अकरा इंचांवर अडकली होती. पुढे तिशीच्या उत्तरार्धात ती वाढली. जॅझवादक लायनेल हॅम्प्टनच्या बँडमध्ये तो 1948 च्या सुमारास आला तेव्हा ‘लिटल जिमी स्कॉट’ हे नाव त्याला चिकटलं ते यामुळेच.

आता तांत्रिक भाग, कारण इथेच बहुतेकांची गल्लत होते. मोठ्या पुरुषाचे स्वरतंतू साधारण 17 ते 25 मिलिमीटर लांब असतात, स्त्रीचे साधारण 12.5 ते 17.5. पुरुष बोलतो साधारण 100 ते 130 हर्ट्झच्या आसपास, स्त्री 200 च्या आसपास. पाश्चात्त्य संगीतातला काउंटरटेनर म्हणजे आवाज फुटलेला पुरुष. तो स्वरतंतूंच्या फक्त कडा कंपित करून वरच्या पट्टीत गातो, ज्याला फॉल्सेटो म्हणतात. त्या आवाजात हवा जास्त असते, आणि खाली उतरताना एका जागी सांधा येतो, कान तयार असेल तर तो ऐकू येतो. स्कॉटकडे हा सांधा नाही. तो आपल्या नैसर्गिक आवाजात, पूर्ण जवारीनं, छातीतून गातो. पट्टी खालच्या स्त्री-आवाजाची, आणि त्यामागे वाढलेल्या माणसाचा दम, वाढलेल्या माणसाचे उच्चार आणि वाढलेल्या माणसाला गाण्यातल्या शब्दांचा लागलेला अर्थ. लहान मुलाचा आवाज निरागस लागतो, याचा कधीच तसा लागत नाही. कानाला जे विचित्र वाटतं ते या मिश्रणामुळे. आपण आवाज ऐकताक्षणी मनात एक माणूस उभा करतो, त्याचं वय ठरवतो, स्त्री की पुरुष ते ठरवतो. स्कॉट ऐकताना हा माणूस उभा राहत नाही, आणि पहिली दोन मिनिटं कान तेच कोडं सोडवण्यात खर्च होतात. तुमची अस्वस्थता बहुतेक तीच आहे. तिसऱ्या-चौथ्या गाण्यापर्यंत ती ओसरते. ओसरेपर्यंत मत बनवू नका.

मराठी माणसाशी हा विषय निघाला की बालगंधर्वांचं नाव येतंच, म्हणून सांगते: ती तुलना इथे उपयोगाची नाही. बालगंधर्व स्त्रीभूमिका करणारे पुरुष होते, आवाज पुरुषाचाच होता, गोड आणि सहज फिरणारा. रंगभूमीवर प्रेक्षकानं तो संकेत मान्य केलेला होता. स्कॉट कोणतीही भूमिका करत नव्हता. तो सूट घालून, टाय बांधून उभा राहायचा आणि पुरुषाच्या प्रेमाची गाणी पुरुष म्हणून गायचा. जवळचं उदाहरणच हवं असेल तर गंगूबाई हनगलांचं घ्या. गळ्याच्या उपचारानंतर त्यांचा आवाज खाली गेला, पुरुषी झाला, आणि तो आवाज ऐकायला सवाई गंधर्व महोत्सवात लोक रात्र जागवायचे. त्यांच्या तरुणपणच्या तबकड्यांवरचा बारीक, उंच आवाज ऐकून ‘हाच खरा’ म्हणणारे आजही भेटतात. तिथेही शेवटी निर्णय झाला तो स्वर कसा लावला जातो आणि राग कसा उलगडतो यावर.

स्कॉटच्या विरोधकांचे उरलेले तीन आक्षेप मात्र गंभीरपणे घ्यायला हवेत. कापरा सूर, बेसूर सूर, आणि सुटलेली लय.

कापऱ्या सुराबद्दल. गायकाच्या लांब स्वरात जो कंप येतो त्याला व्हायब्रेटो म्हणतात. शिकलेल्या गळ्यात तो सेकंदाला साधारण पाच ते सात वेळा येतो आणि स्वराच्या दोन्ही बाजूंना सारखा झुलतो. इतक्या वेगात कान झोके मोजत नाही, मधला स्वर ऐकतो. वेग चार-साडेचारच्या खाली गेला की कानाला प्रत्येक झोका वेगळा ऐकू यायला लागतो, आणि मग ऐकणारा म्हणतो, सूर थरथरतोय. वय वाढलं की सगळ्यांचाच कंप मंद आणि रुंद होतो, कारण स्नायूंची पकड सैलावते. स्कॉटचा कंप तरुणपणीही रुंद होता, पण तेव्हा तो त्याच्या हुकमतीत होता. 1950-60 च्या दशकांतली मुद्रणं नीट ऐका. स्वर आधी सरळ लागतो, अगदी सपाट, कोरा. कंप येतो तो स्वराच्या शेपटीला, आणि कधी कधी येतच नाही. म्हणजे कुठे थरथरायचं ते तो ठरवतोय. 1990 नंतरच्या मुद्रणांत हे ठरवणं हळूहळू कमी होत जातं. तुमचे मित्र कुठली तबकडी ऐकून भांडतायत ते विचारा. मला दाट शंका आहे की निम्मे एका स्कॉटबद्दल बोलतायत आणि निम्मे दुसऱ्या.

बेसूरपणा आणि लय हे दोन आक्षेप वेगळे दिसतात, पण ते एकच आहेत. स्कॉट ठेक्याच्या मागे गातो. जॅझमध्ये सगळेच थोडे मागे गातात. गायिका बिली हॉलिडेनं ती गोष्ट कलेच्या पातळीवर नेली. पण स्कॉट जितका मागे जातो तितकं मागे जायची हिंमत मी दुसऱ्या कुणात पाहिलेली नाही. समजा बॅलडची, म्हणजे संथ प्रेमगीताची, लय मिनिटाला 56 मात्रांची आहे. म्हणजे एक मात्रा सेकंदाहून किंचित मोठी. बत्तीस बारचं गाणं, बार म्हणजे चार मात्रांचा एक गट, असं एक आवर्तन जवळजवळ सव्वादोन मिनिटांचं. या लयीत कुणी ओळ दोन मात्रा उशिरा उचलली तर पूर्ण दोन सेकंद शांतता जाते. ऐकणाऱ्याला वाटतं, गायक चुकला. नवख्या साथीदारालाही तेच वाटतं, आणि तो गायकासाठी थांबतो. तो थांबला की सगळं कोसळतं.

आणि खाली कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरांचे गट, बदलत असतात. आपल्याकडच्या विलंबित ख्यालाची सवय असलेल्या कानाला संथ लय सोपी जाईल असं वाटतं, आणि काही अंशी जातेही, पण इथे एक मोठा फरक आहे. ख्यालात तानपुरा एकाच सुरावर स्थिर असतो. स्वर दोन मात्रा उशिरा लावला तरी त्याचं षड्जाशी नातं तेच राहतं. जॅझमध्ये पायाखालची जमीन दर दोन-चार मात्रांनी सरकते. सोयीसाठी सी म्हणजे सा धरा. खाली सा-ग-प वाजतंय आणि चालीत ग आहे. तो घरचा स्वर, शांत. तोच ग तुम्ही दोन मात्रा उशिरा लावला आणि तोवर खाली रे-म-ध आलं, तर ग आता पाहुणा झाला. पण गोड पाहुणा, त्यात हुरहुर आहे. आणखी उशीर केला आणि खाली प-नी-रे-म आलं, तरी ग चालतो, जरा जास्त झणझणीत लागतो इतकंच. आता उलटं करून पाहा. चालीतला म, जो रे-म-धवर शोभत होता, तो उशिरा येऊन सा-ग-पवर पडला. तिथे तो गला अर्धस्वरानं घासतो. तुम्ही तो तसाच धरून ठेवलात तर बेसूर. तुम्ही तो घासू दिला, ऐकणाऱ्याला एक क्षण बोचू दिला आणि मग गवर उतरवलात, तर तो त्या ओळीचा सगळ्यात सुंदर क्षण होतो.

स्कॉट हे सतत करतो. ज्यांना त्याचा सूर कणसूर वाटतो, त्यांच्या कानाला ते घासणं ऐकू येतंय, उतरणं ऐकू येईपर्यंत मात्र त्यांनी निकाल दिलेला असतो. उतरणं ऐकायला त्याच्या लयीत थांबावं लागतं. शिवाय तो स्वराला बऱ्याचदा खालून येतो, मींड घेऊन, तीही सावकाश. द्रुत गाण्यात अशी मींड दागिना वाटते. 56 च्या लयीत ती इतकी लांबते की मधली श्रुतींची अंतरं स्पष्ट ऐकू येतात. पियानोसारखा नेमका स्वर ऐकायची सवय असेल तर ते टोचतं. आपल्या कानाला खरं तर टोचायचं कारण नाही.

तो लय सोडत नाही याचा पुरावा हवा असेल तर एक गोष्ट करा. गाणं लावा, त्याच्याकडे लक्ष देऊ नका, ड्रमवर काठ्यांऐवजी फिरणाऱ्या ब्रशचा आणि बास या खर्जातल्या तंतुवाद्याचा आवाज पकडा आणि हातानं मात्रा मोजत राहा. प्रत्येक आठ बारांच्या शेवटी तो कुठे आहे ते पाहा. ओळीची सुरुवात कुठेही होवो, भाग संपताना तो तिथे पोचलेला असतो. मधल्या वेळात तो शब्द ताणतो, आवळतो, कधी चार शब्द एका मात्रेत ओततो आणि पुढचा एकच शब्द दोन बार धरतो. हे सगळं हिशेबात असतं. लय सुटलेल्या माणसाला हे एकदा जमेल, दर आठ बारांनी जमणार नाही.

साथीदाराच्या बाजूनं सांगायचं तर अशा गायकाबरोबर वाजवणं म्हणजे सतत मोह आवरणं. त्यानं ओळ उचलली नाही की रिकामी जागा भरावीशी वाटते. ती भरायची नाही. म्हणूनच स्कॉटची उत्तम मुद्रणं तीच आहेत जिथे साथीला मोठे लोक होते. त्यातलं सगळ्यात उत्तम 1962 चं. रे चार्ल्सनं स्वतःच्या टँजरीन या कंपनीसाठी ते केलं, पियानोवर स्वतः बसला, आणि वाद्यवृंदाची रचना मार्टी पेच आणि जेरल्ड विल्सन यांची. रे चार्ल्स स्वतः केवढा गायक, तरी त्या मुद्रणात त्याची बोटं किती कमी बोलतात ते ऐकण्यासारखं आहे. मोजके स्वर, तेही स्कॉटची ओळ संपल्यावर. व्हायोलिनं वर तरंगतात, बास जमीन धरून ठेवतो, आणि स्कॉट या दोन्हींच्या मध्ये हवा तितका उशीर करतो. ‘फॉलिंग इन लव्ह इज वंडरफुल’ हे त्या अल्बमचं नाव. मी स्कॉटबद्दल जे काही मोठं म्हणतेय ते प्रामुख्यानं याच्या जोरावर.

आणि हीच तबकडी जवळजवळ चाळीस वर्षं कुणाला ऐकायला मिळाली नाही. बाजारात आली आणि लगेच मागे घेतली गेली, कारण सॅव्हॉय कंपनीचे मालक हर्मन लुबिन्स्की यांनी, स्कॉट आमच्या कराराखाली आहे, असा दावा लावला. 1969 मध्ये अटलांटिक कंपनीसाठी निर्माता जोएल डॉर्ननं त्याचा ‘द सोर्स’ हा अल्बम केला. त्याच्याही वाटेत तेच करारप्रकरण आलं आणि तोही लोकांपर्यंत धड पोचला नाही. त्याआधी 1950 मध्ये हॅम्प्टनच्या बँडबरोबर त्यानं गायलेलं ‘एव्हरीबडीज समबडीज फूल’ रिदम अँड ब्लूजच्या यादीत पहिल्या दहांत गेलं होतं, पण तबकडीवर त्याचं नाव नव्हतं. त्याच वर्षी बर्डलँड क्लबमध्ये सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करबरोबर गायलेलं ‘एम्ब्रेसेबल यू’ पुढे बाजारात आलं तेव्हा त्यावर चबी न्यूसम या गायिकेचं नाव छापलेलं होतं. विचार करा: इतका ओळखू येणारा आवाज, आणि तो दुसऱ्याच्या नावावर. क्लीव्हलंडला परत जाऊन त्यानं हॉटेलात नोकरी केली, गाणं जवळपास बंद झालं.

हा इतिहास मी करुणेसाठी सांगत नाही. मतं विभागली जाण्याचं एक अगदी व्यवहारी कारण यात आहे. कुठल्याही वेगळ्या आवाजाला ऐकणाऱ्यांची एक पिढी लागते, जी त्याच्याबरोबर वाढते, त्याची वळणं अंगवळणी पाडून घेते. लुई आर्मस्ट्राँगचा खरखरीत आवाज आज कुणाला विचित्र वाटत नाही, कारण तो कित्येक दशकं रेडिओवर आणि पडद्यावर सतत कानी पडत राहिला. स्कॉटला हे मिळालं नाही. त्याचे ऐन बहरातले आवाज कपाटात बंद राहिले आणि बहुतेकांनी त्याला पहिल्यांदा ऐकलं ते तो साठीच्या पुढे गेल्यावर. मधल्या काळात त्याची लय आत्मसात केलेले दुसरे गायक मात्र लोकप्रिय झाले. नॅन्सी विल्सननं जाहीरपणे सांगितलंय की तिच्यावर स्कॉटचा फार मोठा प्रभाव होता. तिचं शब्द मागे खेचणं, ओळीच्या शेवटी स्वर सोडून देणं ऐका आणि मग स्कॉटकडे या. तुमच्या मंडळींतल्या ‘असह्य’वाल्यांना मी तरी याच वाटेनं आणेन. तिचा आवाज कुणालाही कोड्यात टाकत नाही, त्यामुळे कानाला लयीकडे लक्ष द्यायला उसंत मिळते.

दुसरं आयुष्य त्याला मिळालं ते 1991 मध्ये. गीतकार डॉक पोमस हा त्याचा जुना मित्र. त्याच्या अंत्यविधीला स्कॉट गायला, तिथे सायर रेकॉर्ड्सचे सीमूर स्टाइन बसलेले होते, आणि त्यांनी लगेच करार केला. 1992 मध्ये ‘ऑल द वे’ आला. निर्माता टॉमी लिप्यूमा, पियानोवर केनी बॅरन, बासवर रॉन कार्टर, ड्रमवर ग्रेडी टेट, सॅक्सोफोनवर डेव्हिड न्यूमन. याहून चांगली साथ मागायची सोय नाही. ग्रेडी टेट स्वतः गायचा, म्हणून शब्दासाठी जागा कशी ठेवायची हे त्याच्या ब्रशला माहीत होतं. त्याच सुमारास ‘ट्विन पीक्स’ मालिकेच्या शेवटच्या भागात तो गाताना दिसला, रॉक गायक लू रीडच्या अल्बमवर त्याचा आवाज आला, आणि जॅझशी संबंध नसलेली एक तरुण पिढी त्याच्याकडे आली.

आता एक प्रयोग सुचवते, त्यानं तुमच्या मंडळींचा अर्धा वाद तरी निवळेल. ‘समवन टू वॉच ओव्हर मी’ आणि ‘आय ॲम गेटिंग सेंटिमेंटल ओव्हर यू’ ही दोन गाणी 1962 च्या अल्बमवरही आहेत आणि 1992 च्या अल्बमवरही. मध्ये तीस वर्षं. एकापाठोपाठ एक ऐका. पहिल्यात स्वर भरीव आहे, वर जाताना ताण नाही, कंप शेपटीला. दुसऱ्यात स्वर बारीक झालाय, कडा खडबडीत झाल्यात, कंप आधीच सुरू होतो. पण लय? लय दुसऱ्यात जास्त धीट आहे. दम कमी झालेला माणूस लांब ओळ तोडून तोडून गातो, आणि स्कॉटनं त्या तुटण्याच्या जागा अशा निवडल्यात की शब्दाचा अर्थ जास्त उघडतो. श्वास संपल्यामुळे घेतलेली विश्रांती आणि अर्थासाठी घेतलेली विश्रांती त्यानं एकाच जागी आणून ठेवली. शिकणाऱ्यांना मी हे दोन ट्रॅक नेहमी देते, आणि ऐकताना हातात गाण्याचे शब्द ठेवून, जिथे जिथे तो श्वास घेतो तिथे रेघ मारायला सांगते. दोन्ही कागद शेजारी ठेवले की न बोलता समजतं.

यापुढच्या मुद्रणांबद्दल विरोधकांशी माझं बऱ्याच अंशी जमतं. 1998 च्या ‘होल्डिंग बॅक द इयर्स’मध्ये त्यानं पॉप आणि रॉकची गाणी घेतली. कल्पना आकर्षक, पण यातल्या बऱ्याच गाण्यांत कॉर्ड फार कमी बदलतात. मागे राहून घासण्याची आणि उतरण्याची जी गंमत वर सांगितली, तिला खाली हलती जमीन लागते. जमीन स्थिर असली की उशीर नुसता उशीर उरतो, आणि सगळा भार आवाजावर येतो, तोही थकलेल्या आवाजावर. पुढे माइलस्टोन कंपनीसाठी त्यानं केलेल्या अल्बमांत परत जुनी स्टँडर्ड, म्हणजे जॅझवाले पिढ्यान्पिढ्या गात आलेली, गाणी आहेत, चांगले वादक आहेत, आणि अधूनमधून एखादी ओळ अशी येते की ऐकणारा जागच्या जागी थांबतो; पण सलग अल्बम ऐकताना स्वर टिकत नाही हे मान्य करायला हवं. तुमच्यातल्या ज्यांनी फक्त हीच मुद्रणं ऐकलीत आणि ज्यांना ती सहन होत नाहीत, त्यांचा कान वाईट नाही.

भक्तांशी माझं भांडण वेगळं आहे. त्यांच्या बोलण्यात सारखं दुःख येतं. तो तेरा वर्षांचा असताना आई मोटारीखाली गेली, भावंडं वेगवेगळ्या घरी गेली, शरीरानं असं केलं, कंपन्यांनी तसं केलं, म्हणून आवाजात ही वेदना आहे. आयुष्य खडतर होतं यात वाद नाही. पण वेदना तर अनेकांच्या वाट्याला येते, गाता सगळ्यांना येत नाही. हे असं बोलणं वरवर कौतुकाचं दिसतं, तरी त्यात त्याची मेहनत पुसली जाते. चर्चमध्ये आईच्या पियानोशेजारी उभा राहून तो गायला शिकला, हॅम्प्टनच्या कर्कश बँडपुढे रोज रात्री बॅलड पेलायला शिकला, सॅक्सोफोनवाले ओळ कशी मोडतात ते शेजारी उभा राहून ऐकत आला. ती ओळ मोडण्याची कला त्यानं कमावली. ‘त्याच्या आजारानं त्याला हा आवाज दिला’ असं म्हणणारे आणि ‘हा गायक नाही, वैद्यकीय नवल आहे’ म्हणणारे, दोघंही त्याच्या शरीराकडेच बघतायत. 1962 च्या अल्बमच्या आवरणावर कंपनीनं त्याच्याऐवजी दुसऱ्यांचाच फोटो छापला होता. त्या लोकांचाही विचार याहून फार वेगळा नसावा.

2007 मध्ये त्याला अमेरिकेच्या नॅशनल एन्डाउमेंट फॉर द आर्ट्सनं जॅझ मास्टर म्हणून गौरवलं. 12 जून 2014 रोजी लास व्हेगासला तो गेला, वय 88. सन्मान मिळाला म्हणजे वाद मिटला असं नाही, आणि मिटायलाही नको. आवडनिवड तुमची. माझा आग्रह एवढाच की नावडलं तर कशामुळे नावडलं ते नेमकं सांगता यावं: आवाजाचा पोत, कंप, उशीर, की गाण्याची निवड. या चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि प्रत्येकीसाठी वेगळी मुद्रणं ऐकावी लागतात.

आता तुमच्या शिकण्याबद्दल. त्याचा आवाज आणायचा प्रयत्न चुकूनही करू नका. तुमची पट्टी त्याच्याजवळची असेल तर मोह जास्त होईल, पण त्याच्यासारखा रुंद कंप मुद्दाम काढायला गेलात तर तो जबड्यातून आणि जिभेच्या मुळातून काढला जातो. तिथे ताण बसला की वरचे स्वर जायला लागतात आणि परत आणायला बराच वेळ लागतो. लय मात्र त्याच्याकडून जरूर घ्या, आणि पायरीपायरीनं घ्या.

तुम्हाला झोपेतही येईल असं एखादं स्टँडर्ड निवडा. आधी ते अगदी कोरं, जसं लिहिलंय तसं, ठेक्यावर गा. ज्याला सरळ गाता येत नाही त्यानं मागे गायचा विचार करू नये. मग मेट्रोनोम, म्हणजे ठोके देणारं यंत्र, साठावर लावा आणि त्याचा ठोका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर आहे असं धरा. प्रत्येक ओळ एक मात्रा उशिरा उचला, पण ओळीचा शेवटचा शब्द जिथे मुळात पडतो तिथेच पाडा. म्हणजे मधले शब्द आवळावे लागतील. कुठला शब्द आवळायचा हे अर्थ पाहून ठरवा. क्रियापदं सहसा आवळू नयेत. हे सहज झालं की उशीर दोन मात्रांचा करा. आता कॉर्ड पुढे गेलेले असतील, तेव्हा पियानोवर डाव्या हातानं नुसते कॉर्ड धरून, तुमचा प्रत्येक उशिरा आलेला स्वर त्यांच्यावर कसा लागतो ते एकेक करून तपासा. जो घासतो त्याच्यावर पेन्सिलनं खूण करा आणि तो कुठे उतरणार ते लिहून ठेवा. कंटाळवाणं काम आहे, पण एका गाण्याचं असं पूर्ण झालं की पुढच्या गाण्यात कान आपोआप सांगतो.

कार्यक्रमात असं काही गाणार असाल तर पट्टी तुमची निवडा, स्कॉटची नको. संथ लयीत स्वर लांब धरावे लागतात, त्यामुळे नेहमीपेक्षा अर्धा-एक स्वर खालीच बरं. आणि तालमीत ड्रमवाल्याला आणि बासवाल्याला स्पष्ट सांगा: मी आले नाही तरी थांबायचं नाही, मी अडखळले असं वाटलं तरी थांबायचं नाही, माझ्याकडे बघायचंही नाही. पियानोवाल्याला सांगा की मी गप्प असेन तेव्हा त्यानंही गप्प राहावं. हे चौघांचं ठरल्याशिवाय रंगमंचावर दोन मात्रा मागे जायचं धाडस करू नका; तोवर एकच मात्रा पुरे.